परसातील टर्फ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही वर्षांत गावोगावी बॉक्स क्रिकेटची भाड्याने मिळणारी मैदाने निघाली. तासातासाला पैसे मोजण्यापेक्षा बंगल्याच्या मागे टर्फचे, म्हणजे कृत्रिम गवताचे, आपलेच छोटे मैदान का असू नये, असा विचार आता अनेक घरांतून होऊ लागला आहे. त्याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या अंकात घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण त्यातील अडचण बहुतेकांची आहे.

प्रश्न : आमच्या बंगल्याच्या मागे ४५ फूट लांब आणि २४ फूट रुंद मोकळी जागा आहे. जमीन काळी आहे. मुलगा क्रिकेट खेळतो, मुलीला बॅडमिंटन आवडते. एका ठेकेदाराने जमीन रोलरने दाबून, त्यावर प्लास्टिकचा कागद अंथरून, ४० मिलिमीटर उंचीचे टर्फ चार दिवसांत घालून देतो असे सांगितले आहे. त्याचे म्हणणे मान्य करावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मान्य करू नये. जमीन, कागद आणि टर्फ या तिन्हींबाबत त्याचा प्रस्ताव आपल्या जागेला लागू पडत नाही.

प्रथम खेळाचा विचार करू. आपली जागा १,०८० चौरस फूट, म्हणजे जवळजवळ एक गुंठा आहे. बॅडमिंटनचे दुहेरीचे मैदान ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असते. कागदावर ते आपल्या जागेत बसते, पण मागच्या रेषेपलीकडे जेमतेम अर्धा फूट उरतो आणि उंच आलेले फूल परतवायला मागे सरकणारा खेळाडू थेट कुंपणाच्या भिंतीवर जातो. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे ६६ फुटांची असते. ती येथे बसणारच नाही. तेव्हा समोरून हाताने टाकलेल्या टेनिसच्या चेंडूवर फलंदाजीचा सराव, आणि आखूड केलेल्या मैदानावर घरगुती बॅडमिंटन, एवढीच अपेक्षा ठेवावी. तेवढ्यासाठीही ही जागा चांगली आहे. फक्त पूर्ण मापाच्या रेषा कायमच्या आखून घेण्याचा मोह टाळावा.

खेळ ठरला की टर्फची उंची आपोआप ठरते. ४० ते ६० मिलिमीटर उंचीचे पाते फुटबॉलसाठी असते. तेथे पाय घट्ट रुतायला हवा आणि पडणाऱ्याला थोडा मऊपणा हवा, म्हणून एवढी उंची आणि तिच्यात भरलेली वाळू व रबराचे दाणे लागतात. त्याच टर्फवर टेनिसचा चेंडू टप्पा पडताच मरतो. आपल्याला १५ ते २० मिलिमीटर उंचीचे, दाट विणीचे आणि कोरडी सिलिका वाळू भरायचे टर्फ हवे. दुकानात पात्याची उंची आणि हिरवा रंग दाखवला जातो, पण एक चौरस मीटर टर्फचे वजन किती आणि त्यात नुसत्या पात्याचे वजन किती, हे आपण विचारावे. उंची सारखी असेल तर जड माल सहसा दाट असतो. नमुना हातात घेऊन उलटा दुमडावा. पात्यांच्या ओळींमधून पाठीचे काळे कापड ठळक दिसू लागले, तर तो माल खेळासाठी नव्हे, गच्ची सजवण्यासाठी आहे असे समजावे.

आता मुख्य गोष्ट जमिनीची. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. रोलरने ती कितीही दाबली तरी तिचा हा स्वभाव जात नाही. पहिल्याच पावसाळ्यानंतर तिच्यावर अंथरलेल्या टर्फला उंचवटे आणि खोलगट भाग दिसू लागतात. प्लास्टिकचा कागद तर या कामात सर्वांत घातक आहे. टर्फच्या पाठीला पाणी जाण्यासाठी बारीक भोके असतात. त्यांखाली कागद आला की पाणी कागदावर साचून राहते, वाळू कुजकट वास मारू लागते आणि सांध्यांचा चिकटपणा जातो. पाण्याचा हिशेब आपण स्वतः करून पाहावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आपली जागा सुमारे १०० चौरस मीटर आहे, म्हणजे ५० मिलिमीटरचा एखादा पाऊस झाला की ५,००० लिटर पाणी त्या जागेवर पडते. घराच्या छपराच्या पन्हळीचे पाणीही मागच्या बाजूला सोडलेले असेल, तर ते वेगळे. एवढे पाणी कोठे जाणार, याचे उत्तर ज्या ठेकेदाराकडे नाही, त्याच्याकडून टर्फ घेऊ नये.

काम पुढीलप्रमाणे करून घ्यावे. काळी माती किमान दीड फूट उकरून बाहेर काढावी; थर खोल असेल तर अधिक काढलेली बरी. तळाला मुरूम घालून, पाणी मारत, सहा-सहा इंचांच्या थरांनी रोलर फिरवावा. जेथे रोलर पोहोचत नाही त्या कोपऱ्यांत हाताने ठोकायचा धुम्मस वापरावा, कारण पुढे खचतात ते हे कोपरेच. मुरमावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरावे. हे कापड पाणी जाऊ देते, पण खालची माती वर खडीत शिरू देत नाही, आणि याचे काम प्लास्टिकचा कागद करील असे समजणे हीच ठेकेदाराची गफलत आहे. कापडावर चार इंच ४० मिलिमीटरची खडी, तिच्या पोकळ्या भरतील इतकी बारीक खडी आणि शेवटी इंच-दीड इंच कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, असे थर दाबून घ्यावेत. कचेत मातीचा अंश नसावा. मूठभर कच पाण्याच्या पेल्यात ढवळून ठेवली की गाळ किती बसतो ते लगेच कळते. चारी कडांना काँक्रीटचा किंवा दगडाचा कठडा घ्यावा, म्हणजे थर बाजूला सरकणार नाहीत.

उतार शंभराला एक पुरेसा आहे. २४ फुटांच्या रुंदीत तो सुमारे तीन इंच होतो. खेळताना जाणवत नाही, पण पाण्याला वाट मिळते. उतार घरापासून दूर असावा आणि खालच्या कडेला जाळीचे झाकण असलेली नाली घेऊन ती शोषखड्ड्याला किंवा पावसाळी गटाराला जोडावी. सेप्टिक टाकी आणि सांडपाण्याचे चेंबर या जागेत असतील, तर त्यांची झाकणे टर्फखाली गाडू नयेत. ती नवीन पातळीपर्यंत उचलून घ्यावीत आणि तेवढा तुकडा वेगळा कापून सुटा ठेवावा. हे न केल्यामुळे घातलेले टर्फ सुरीने फाडावे लागल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत.

पायाची पातळी पाणसळीने आणि दहा फुटी सरळ पट्टीने तपासावी. पट्टी कोठेही ठेवली तरी तिच्याखाली दहा मिलिमीटरपेक्षा अधिक फट दिसू नये. मग टर्फ घालण्याआधी सगळ्या पायावर नळीने भरपूर पाणी सोडावे. अर्ध्या तासानंतर जेथे डबके राहील, तेथे खडूने वर्तुळ काढून ती जागा दुरुस्त करून घ्यावी आणि त्यानंतरच ठेकेदाराचा पुढचा हप्ता द्यावा.

एक सूचना ठेकेदारांना आवडत नाही, तरी करतो. पायाचे काम उन्हाळ्यात संपवावे, एक पावसाळा तो तसाच उघडा राहू द्यावा आणि टर्फ दिवाळीनंतर अंथरावे. जे खचायचे ते त्या चार महिन्यांत खचते आणि दुरुस्तीला घमेलेभर कच पुरते. शिवाय सांध्यांचा गोंद आणि वाळू भरणे, दोन्हींना कोरडी हवा लागते. ओली वाळू पात्यांत उतरत नाही, वरच गोळे होऊन बसते. मुलांना एवढी वाट पाहायला सांगणे कठीण आहे हे मान्य. पण दाबलेल्या कचेवर टेनिसच्या चेंडूने तोपर्यंत खेळता येते, आणि टप्पा टर्फपेक्षाही खरा पडतो.

टर्फचे गठ्ठे आल्यावर ते काही तास उन्हात पसरून ठेवावेत, म्हणजे वळ्या निघतात. सर्व पट्ट्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली असावीत. एक पट्टी उलटी लागली तर तिचा रंग कायमचा वेगळा दिसतो आणि चेंडूही तिच्यावर वेगळा घरंगळतो. वाळूचा अंदाज असा करावा : एका चौरस मीटरवर १२ मिलिमीटरचा थर म्हणजे १२ लिटर, आणि कोरडी वाळू लिटरला साधारण दीड किलो भरते. आपल्या जागेला सुमारे पावणेदोन टन वाळू लागेल. पाती थोडी जागा घेतात, म्हणून किंचित कमी धरली तरी चालेल. ती एकाच वेळी न ओतता तीन थरांत, दर वेळी झाडूने घासत भरावी. ‘चार पोती टाकली’ असे कोणी म्हणाले, तर टर्फ पहिल्या वर्षातच लोळणार हे निश्चित.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीजवळ राहतो. घरामागे कातळाची जागा आहे. मुलांना बास्केटबॉल आणि नव्याने लोकप्रिय झालेले पिकलबॉल खेळायचे आहे. टर्फ घातले तर पावसाळ्यात त्याचे काय होईल? (एक वाचक)

उत्तर : पावसाळ्याच्या आधीच उत्तर द्यावे लागेल. बास्केटबॉल आणि पिकलबॉल हे दोन्ही खेळ टर्फचे नाहीत. बास्केटबॉल सतत जमिनीवर आपटत पुढे न्यायचा असतो, आणि वाळू भरलेल्या टर्फवर तो हाताला परत येत नाही. पिकलबॉलचा भोकांचा प्लास्टिकचा चेंडू हलका असल्याने त्याची स्थिती आणखी वाईट होते. आपल्याला काँक्रीटचा कठीण तळ हवा, आणि घट्ट कातळावर तो करणे तुलनेने सोपे आहे. पिकलबॉलचे मैदान बॅडमिंटनच्या दुहेरी मैदानाएवढेच, ४४ गुणिले २० फुटांचे असते. त्याच काँक्रीटवर एका टोकाला जमिनीपासून दहा फूट उंचीवर कडी लावली की दोन्ही खेळ साधतात. काँक्रीट ओले असतानाच वरून झाडू ओढून पृष्ठभाग खरखरीत ठेवावा. गुळगुळीत घोटलेले काँक्रीट आपल्याकडच्या पावसात शेवाळाने निसरडे होते.

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेथे टर्फ घातलेच, तर जोराच्या सरींनी वाळू तरंगून खालच्या कडेला जमते, सावलीच्या बाजूला शेवाळ धरते आणि चार महिने खेळ बंद राहतो. शिवाय कातळावरून वरच्या बाजूचे पाणी पृष्ठभागावरूनच वाहत येते. त्यासाठी काँक्रीट असो वा टर्फ, चढाच्या बाजूला आडवा चर खणून ते पाणी आधीच वळवले पाहिजे.

प्रश्न : नागपूरच्या उन्हात टर्फ तापते असे ऐकले. ठेकेदार म्हणतो, काळ्या रबराचे दाणे घातले की मऊ राहते आणि पाणी मारले की थंड होते. लहान मुले अनवाणी खेळतात. हे खरे आहे का? (एक वाचक)

उत्तर : मऊ राहते हे खरे, थंड होते हे क्षणापुरतेच खरे. जिवंत गवत मुळांतून पाणी ओढून पानांतून बाहेर टाकते, म्हणून उन्हातही ते हवेच्या मानाने फारसे तापत नाही. प्लास्टिकच्या पात्याला ही सोय नाही. कडक उन्हात टर्फचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जातो आणि काळे रबर उष्णता अधिकच धरून ठेवते. पाणी मारल्यावर तापमान उतरते, पण पाणी उडून गेले की थोड्याच वेळात पुन्हा चढते. मे महिन्यात विदर्भात खेळासाठी तासातासाला पिण्याजोगे पाणी ओतणे मला योग्य वाटत नाही.

या वस्तूचा इतिहास येथे आठवण्याजोगा आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १९६५ मध्ये ॲस्ट्रोडोम हे छप्पर असलेले क्रीडागृह सुरू झाले. छपराच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या झळाळीत बेसबॉलच्या क्षेत्ररक्षकांना चेंडू दिसेना, म्हणून तावदाने रंगवली. त्यामुळे आतले खरे गवत मेले आणि १९६६ मध्ये तेथे कृत्रिम गवत अंथरले गेले. जेथे ऊन पोहोचत नव्हते तेथे ज्या गवताने नाव कमावले, ते आपण नागपूरच्या उघड्या उन्हात अंथरतो आहोत.

म्हणून आपल्यासाठी सल्ला असा : रबर टाळावे, फिकट रंगाची सिलिका वाळू भरावी, पश्चिमेच्या बाजूला कडुनिंबासारखे सावलीचे झाड असेल तर ते टर्फसाठी तोडू नये, आणि उन्हाळ्यात खेळ सकाळी आठच्या आत व सूर्य कलल्यावरच ठेवावा. खेळण्याआधी हाताचा उलटा पंजा पाच सेकंद टर्फवर टेकवावा. तो ठेववत नसेल तर मुलांना बुटांनीही उतरू देऊ नये. टर्फवर घसरून पडल्यास कातडी भाजल्यासारखी सोलवटते, म्हणून अनवाणी खेळ एरवीही बरा नाही.

रबराबद्दल आणखी एक गोष्ट. हे दाणे बहुधा जुन्या टायरांचे असतात आणि पावसाबरोबर, बुटांबरोबर मैदानाबाहेर जात राहतात. सूक्ष्म प्लास्टिकच्या प्रदूषणामुळे युरोपीय संघाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांवर निर्बंध आणले आणि कृत्रिम मैदानांत भरायच्या दाण्यांची विक्री थांबवण्यासाठी आठ वर्षांची मुदत दिली. आपल्या परसात ते आज आणण्याचे काही कारण मला दिसत नाही.

प्रश्न : पुण्यात आमच्या बंगल्याला लागून दोन्ही बाजूंना शेजारी आहेत. बॉक्स क्रिकेटसारखी जाळी आणि दिवे लावायचे आहेत. कोणती काळजी घ्यावी? (एक वाचक)

उत्तर : जाळी उभारण्याआधी दोन्ही शेजाऱ्यांकडे जाऊन बसावे; खर्चाच्या अंदाजपत्रकाइतकेच ते आवश्यक आहे. टेनिसचा चेंडू साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास व्यासाचा असतो, तेव्हा जाळीचा चौकोन चार-साडेचार सेंटिमीटरचा चालतो. जाळी भिंतीपासून दोन-तीन फूट आत आणि थोडी सैल टांगावी. ताणून बांधलेली जाळी चेंडू परत फेकते, आणि भिंतीला चिकटलेली जाळी असून नसल्यासारखी, कारण चेंडू तिच्यासकट भिंतीवर आपटतो. वरूनही जाळी हवी असेल, तर गुलमोहराची बारीक पाने तिच्यात अडकून पावसात तिचे ओझे वाढते, हे लक्षात ठेवून ती सोडता येईल अशी बांधावी.

खांबांचा पाया जाळीच्या वजनावर नव्हे, वाऱ्यावर ठरतो. नुसत्या जाळीतून वारा आरपार जातो. पुढे कोणी आडोशासाठी त्याच खांबांना हिरवे शेडनेट बांधले, की त्याचे शीड होते आणि वळवाच्या वादळात खांब वाकतात. तसा विचार असेल तर तो आजच अभियंत्याला सांगावा. सामासिक अंतरात, म्हणजे घर आणि हद्दीची भिंत यांमध्ये मोकळ्या सोडायच्या जागेत, पक्के छप्पर घालायचे झाल्यास महापालिकेची लेखी परवानगी आधी घ्यावी. ‘सगळेच घालतात’ या उत्तरावर काम सुरू करू नये.

दिवे उंचावर, पण तोंड खाली करून लावावेत, म्हणजे उजेड शेजाऱ्याच्या शयनगृहात जात नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. परंतु शेजारधर्म नियमाच्या आधी सुरू होतो. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत आपण साडेआठलाच दिवे बंद केले, तर उरलेले वर्ष कोणी तक्रार करणार नाही.

प्रश्न : आमच्या शहरातील एक बॉक्स क्रिकेटचे मैदान बंद झाले. त्याचे जुने टर्फ अगदी कमी किमतीत मिळत आहे. घ्यावे का? घरी कुत्रा आहे आणि दिवाळीत मुले तेथेच फटाके उडवतील, हेही सांगायला हवे. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : टर्फ पाहायला दिवसा जावे आणि मैदानाच्या मधला भाग पाहावा, कडेचा भाग नेहमीच चांगला असतो. पात्याला नखाने ओढावे. ते तुटले किंवा बोटाला हिरवी भुकटी लागली, तर उन्हाने त्याचे आयुष्य संपलेले आहे आणि फुकट मिळाले तरी ते महागच पडेल. पाते लवचीक असेल तर पुढचा प्रश्न वजनाचा. आत भरलेली वाळू आणि रबर झटकून काढल्याशिवाय गठ्ठे उचलता येत नाहीत, आणि ते काढण्याची मजुरी व वाहतूक धरल्यावर स्वस्तपणा बराच कमी होतो. जुने सांधे कापून टाकून मधल्या अखंड पट्ट्याच घ्याव्यात. मी स्वतः असे टर्फ मुख्य खेळाच्या जागी न घालता फलंदाजाच्या मागे, जाळीखाली आणि कडेच्या पट्टीला वापरेन. निकामी टर्फ घेऊ नये याचे दुसरे कारण त्याची विल्हेवाट हे आहे. पाते, पाठ आणि गोंद वेगवेगळ्या प्लास्टिकचे असल्याने भंगारवालाही ते सहसा उचलत नाही.

कुत्र्याची लघवी वाळूत मुरते आणि उन्हाळ्यात वास येतो. त्याला एक कोपरा मातीचाच ठेवावा, आणि टर्फवर झालेच तर लगेच भरपूर पाणी ओतावे. खाली निचरा असेल तर एवढे पुरते. लव्हाळ्याच्या गाठी पायात राहिल्या असतील, तर त्याचे टोकदार कोंब जिओटेक्स्टाइलही भेदून वर येतात. म्हणून पाया उकरतानाच त्या वेचून काढाव्यात. घुशींची बिळे असतील तर तीही तेव्हाच बुजवावीत.

फटाके मात्र तेथे अजिबात नकोत. पॉलिएथिलीन साधारण ११० ते १३० अंशांना वितळते, आणि फुलबाजीची जळती तार त्याच्या कितीतरी पट तापलेली असते. तिने पडलेल्या भोकाला ठिगळ लावता येते, पण जुन्या टर्फमध्ये नव्याचे ठिगळ उठून दिसते. टर्फ घातल्यावर उरलेले तुकडे टाकून न देता अंगणात उन्हातच ठेवावेत, म्हणजे ठिगळाचा रंग बाकीच्या टर्फबरोबर उतरत राहील.